राज्याच्या फौजेवर शेवटचा हुकूम कोणाचा? (आर्कान्सा नॅशनल गार्ड, १९५७)

सांजवारा
अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची फौज असते, नॅशनल गार्ड. एरवी आपापला नोकरीधंदा करणारी माणसं ठरल्या दिवशी कवायतीला येतात. पूर-वादळात त्यांना गव्हर्नर बोलावतो (तिथला गव्हर्नर निवडून येतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा), युद्धात राष्ट्राध्यक्ष.

माझं मत स्पष्ट आहे: दोघांत वाद झाला तर शेवटचा शब्द केंद्राचाच हवा. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या, तोवर फक्त गोऱ्या मुलांच्या असलेल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला होता. गव्हर्नर फॉबस यांनी गार्ड उभा केला तो या मुलांना अडवायला. ४ सप्टेंबरला १५ वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड एकटीच शाळेपाशी पोचली. जवानांनी तिला आत सोडलं नाही आणि मागे जमाव ओरडत होता. २४ तारखेला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राज्याचा सगळा गार्ड, सुमारे १०,००० जवान, आपल्या हुकमतीखाली घेतला. हा अधिकार नसता तर ती मुलं शाळेत गेलीच नसती.

गोदाकाठ
सांजवारा, तुम्ही मधला एक दुवा गाळलात. २० सप्टेंबरला न्यायालयाने मुलांना अडवायला मनाई केली आणि फॉबसना गार्ड मागे घ्यावा लागला. म्हणजे त्यांचा हात आधी धरला न्यायाधीशाने. शिवाय गार्डवर हुकूम चालवून भागत होतं, तर केंटकीहून १०१व्या एअरबोर्नचे (केंद्राच्या लष्करातल्या छत्रीधारी दलाचे) सैनिक का आणावे लागले?

आणि आजचं बघा. जून २०२५ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांचा विरोध असताना ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाचा गार्ड ताब्यात घेऊन लॉस एंजेलिसमध्ये उतरवला. गव्हर्नरने मागणी केलेली नसताना असं घडलं ते १९६५ नंतर पहिल्यांदाच. तुमच्या नियमाने हेही बरोबर ठरतं. मला ते मान्य नाही.

सांजवारा
१९६५ म्हणजे अलाबामातलं सेल्मा! मतदानाचा हक्क मागत माँटगोमेरीला चाललेल्या लोकांना संरक्षण द्यायला गव्हर्नर वॉलेस तयार नव्हते, म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या राज्याचा गार्ड हाती घेतला. नागरिकाच्या हक्कावर राज्यच उठलं तर त्याने दाद मागायची कोणाकडे? न्यायालय हुकूम देतं, पण तो रस्त्यावर अमलात आणायला माणसं लागतात. लिटल रॉकमध्येही २० सप्टेंबरला गार्ड हटला आणि २३ला मुलं आत गेली, तेव्हा जमाव इतका चवताळला की पोलिसांना त्यांना दुपारीच बाहेर काढावं लागलं.

रानवाट
तुम्ही दोघंही खुर्च्यांबद्दल बोलताय, मला जवानाची काळजी वाटते. गार्डमध्ये भरती होताना शपथच दुहेरी असते. देशाची राज्यघटना आणि राज्याची, राष्ट्राध्यक्षांचा हुकूम आणि गव्हर्नरचा. महिन्याच्या सुरुवातीला मुलांना अडवणारं दल महिना संपता संपता त्याच मुलांच्या रक्षणाला नेमलं गेलं. १०१व्या एअरबोर्नचे सैनिक नोव्हेंबरअखेर परतल्यावर उरलेलं शालेय वर्ष या गार्डनेच सांभाळलं, आणि तेव्हाही वर्गांत, जिन्यांवर मुलांचा छळ चालूच होता. तरी मे १९५८ मध्ये त्या नऊ जणांपैकी अर्नेस्ट ग्रीन शाळेचं शिक्षण पूर्ण करून बाहेर पडला.

याच राज्याच्या गार्डची २०६वी तोफखाना रेजिमेंट जून १९४२ मध्ये अलास्कातल्या डच हार्बरला जपानी विमानांना तोंड देत होती. त्या दलाला १९५७च्या, मुलांना अडवतानाच्या एका छायाचित्रापुरतं ओळखणं मला अन्यायाचं वाटतं.

गोदाकाठ
रानवाट, हे पटलं. पण केंट स्टेट विद्यापीठ विसरू नका. ४ मे १९७० रोजी ओहायोच्या गार्डने विद्यार्थ्यांवर १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या, चौघे गेले. तिथे गार्ड गव्हर्नरच्याच हुकमाखाली होता. म्हणून मी गव्हर्नरवर आंधळा विश्वास ठेवा असं म्हणत नाही. दोघांपैकी कोणीही आपल्याच नागरिकांसमोर बंदुका उभ्या केल्या, तर न्यायालयाने तातडीने कारण विचारावं, एवढीच माझी मागणी आहे.

मिठागर
आपल्या गृहरक्षक दलाशी तुलना होईल म्हणून लिहिते. तेही दंगलींच्या काळात, डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात उभं राहिलं, पण ते पोलिसांच्या मदतीला असतं. परदेशी युद्धावर जात नाही. त्यामुळे दोन धन्यांचा हा पेच तिथे येत नाही.

सांजवारा
गोदाकाठ, न्यायालयाने कारण विचारावं हे मला मान्य आहे. पण २३ सप्टेंबरच्या दुपारी त्या नऊ मुलांकडे तेवढा वेळ नव्हता. म्हणून आयझेनहॉवर यांचा हुकूम मी आजही योग्यच म्हणेन.