अनुभव धागा: नागपूर ते दिब्रुगढ, लाडवांचा डबा मांडीवर

आज माळ्यावरून सुटकेस काढली, तर मुठीला दिब्रुगढचा टॅग अजून तसाच. हातच थांबला.

ताईचं पहिलं बाळंतपण, भाऊजी आसामात दिब्रुगढजवळच्या दुलियाजानला नोकरीला. आईनं निघायच्या आधी शाळेच्या नकाशावर सोनेगाव ते मोहनबारी, म्हणजे नागपूरच्या विमानतळापासून दिब्रुगढच्या विमानतळापर्यंत, दोरा धरून पाहिला. सरळ रेषेत साधारण १,७५० किलोमीटर. थेट विमान असतं तर पावणेतीन तास. पण कोलकात्याला बदलायचं होतं. पहिलं विमान पावणेदोन तास, दुसरं दीड. आम्हाला घरून निघून पोचायला तीस तास लागले. धुकं! आई रात्रभर खुर्चीत, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. आडवी हो म्हटलं तर म्हणे, लाडू फुटतील. पहाटे फोन आला, मुलगी झाली. आई तिथेच रडली.

मोहनबारीहून गाडीत बसलो आणि साडेचारलाच अंधारून आलं. डिसेंबर होता. "अगं, दिवा लावायची वेळ झाली?" नागपुरात अजून तासभर ऊन असणार होतं.

तुमचंही लिहा.

संत्राबर्फी
वाचता वाचता डोळे भरले गं. लाडवात मेथी होती का? माझ्या सुनेला मेथी चालत नाही, तिच्यासाठी करून राहिले सध्या.

वर्धेकर
येताना जास्त वेळ लागला असेल बघा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. गुवाहाटीहून येताना दर वेळी मी घड्याळ लावून पाहतो. आणि दिव्याचं काकूंचं बरोबर आहे. दिब्रुगढ आपल्यापेक्षा १६ अंश पूर्वेला, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे तासाहून जास्त. घड्याळ मात्र देशभर एकच.

धंतोली
आमचं कोल्हापूर! हवेतून ७०० किमी, राज्याच्या बाहेरसुद्धा जायचं नाही. पण तेव्हा विमान बदलावं लागायचं, नाहीतर महाराष्ट्र एक्सप्रेसनं दिवसाहून जास्त बसायचं. सासरे गेले तेव्हा गाडीनंच गेलो. शेवटचं पाहायला मिळालं नाही. हे अजून त्याबद्दल बोलत नाहीत.

संत्राबर्फी
अरे बाप्पा. धंतोली, सांभाळा.

जुना टपालवाला
आमच्या वडिलांची रात्रपाळी सोनेगावला असायची. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंची टपाल विमानं रात्री इथे यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि परत फिरायची. मद्रासचं पत्र दिल्लीला सकाळी. देशाच्या मध्यात असण्याचा एवढा उपयोग कोणी करून घेतला नाही. वडील पहाटे यायचे तेव्हा अंगाला पेट्रोलचा वास असायचा. मला तो अजूनही आवडतो.

वर्धेकर
काका, यावर वेगळा धागा काढा ना. खरंच.

पोट्टी पुण्यात
फक्त वाचून राहिले. आईला फोन लावते.

धागाकर्ती
धंतोली, काय लिहू, सुचत नाही. जवळ आहोत.

संत्राबर्फी, मेथी नव्हती. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, गूळ. गोडंबी मंद आचेवर परता. डबा उघडला तेव्हा एकच लाडू फुटला होता, तो आईनं स्वतः खाल्ला. कुकर झाला, येते नंतर.