मदत हवी आहे: एमसीएफ-१०ए चे गोळे पोकळ होत नाहीयेत (तातडीचं)

कावलेली_पेशी
मॅट्रिजेलवर (पेशींना धरायला असतं ते मऊ जेल) एमसीएफ-१०ए या स्तनाच्या पेशी लावल्यात. गोळे गोल गरगरीत येतात, पण ग्रंथीसारखे आतून पोकळ होतच नाहीत. बुंदीच्या लाडवासारखे ठासून भरलेले. सगळं प्रोटोकॉलप्रमाणे केलंय. सोमवारी गाईडना काहीतरी दाखवायचंय. कुणी हे केलं असेल तर प्लीज लवकर सांगा. गूगल कर म्हणू नका, करून झालंय.

वरणभात
शीर्षक वाचून पाककृती समजून आलो. धागा हलवा राव.

घाटावरचा
कुणाचा प्रोटोकॉल? हार्वर्डच्या ब्रुगे लॅबचा २००३ चा, की सीनियरने वहीत उतरवून ठेवलेला? ईजीएफ (वाढघटक) किती, सिरम (रक्तातला द्रव) कुठलं, कितवा दिवस, पॅसेज किती, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात काढल्यास? काहीच लिहिलं नाहीस.

कावलेली_पेशी
ब्रुगेंचाच. ईजीएफ २०. सिरम लॅबमध्ये असतं तेच. आठवडा होऊन गेला. पॅसेजचा काय संबंध?

घाटावरचा
इथेच मेख आहे. मिलीला २० नॅनोग्रॅम हे फ्लास्कमध्ये पेशी वाढवताना. मॅट्रिजेलवर गेल्या की ५. सिरमसुद्धा ५ टक्क्यांवरून २ वर आणायचं. गोळ्याच्या बाहेरच्या पेशी मॅट्रिजेलला धरून असतात, आतल्यांना धरायला काही नसतं. त्या आतल्या मरायलाच हव्यात, त्या मेल्या की पोकळी होते. तू त्यांना ईजीएफ पाजून जगवते आहेस.
आणि "असतं तेच सिरम" म्हणजे कुठलं? घोड्याचं लागतं.

सोलापुरी_चादर
एवढा कुटाणा कशाला? एमसीएफ-७ घे. पुण्याच्या एनसीसीएसच्या पेशीसाठ्यातून मागव, वाट्टेल त्या सिरमवर वाढते, मरत नाही. आमचं अख्खं एमफिल त्यावर झालं, पेपरही निघाला.

घाटावरचा
अहो, ती कॅन्सरची आहे. १९७० साली डेट्रॉइटमध्ये एका रुग्ण बाईंच्या फुफ्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून काढलेली. निरोगी ग्रंथी पोकळ कशी होते ते तिला विचारणार?

डॉ_खवचट
आणि १०ए निरोगी, असं कुणी सांगितलं? तीही डेट्रॉइटचीच, ३६ वर्षांच्या बाईच्या फायब्रोसिस्टिक (गाठाळ, पण कॅन्सर नसलेल्या) स्तनातली. आपोआप अमर झाली म्हणून कौतुक, पण त्यात विभाजनाला लगाम घालणारं पी१६ चं जनुक उडालेलं आहे, विभाजनाला रेटणारं मिक वाढलेलं आहे. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर नाही. शिवाय खऱ्या स्तनात नळीला दोन थर असतात. आत ल्युमिनल पेशी, त्यांना बाहेरून वेढणाऱ्या मायोएपिथेलियल. बाळ प्यायला लागलं की ऑक्सिटोसिनने या बाहेरच्या आवळतात, तेव्हा दूध पुढे सरकतं. तुमच्या गोळ्यात तो थर आहे कुठे?
काम करायचं तर खऱ्या ऊतीवर करा. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत निघते ती वापरतात. इंडियानापोलिसच्या कोमेन बँकेत २००७ पासून धडधाकट बायका स्वतःहून सुईने तुकडा काढून देतात. २०२३ चा मानवी स्तनाचा पेशी-नकाशा १२६ बायकांच्या ऊतींवरून झाला.

कावलेली_पेशी
डॉक्टर, एथिक्स कमिटीची मंजुरी सोमवारपर्यंत मिळेल का?

सोलापुरी_चादर
मग उंदीर घे. नाहीतर याच पेशींत थोडं इस्ट्रोजेन घालून बघ.

घाटावरचा
रिसेप्टर नाही असं बरोब्बर वरच्या प्रतिसादात लिहिलंय. वाचत जा मालक.

डॉ_खवचट
उंदीर कशाला? त्याच्या ग्रंथीभोवती बहुतेक नुसती चरबी. बाईच्या स्तनात खंडिका (दूध बनवणारे झुबके) घट्ट तंतुमय ऊतीत बसलेल्या असतात, आणि बहुतेक कॅन्सर सुरू होतात ते नळीच्या टोकाशी, खंडिकेपाशी. हा भाग उंदरात सापडत नाही.

वरणभात
कुतूहल म्हणून तो प्रोटोकॉल उघडला. त्यात कॉलरा टॉक्सिन घालतात?? पटकीचं विष? आमच्या आजोबांनी ऐकलं असतं तर...

घाटावरचा
हो. मिलीला १०० नॅनोग्रॅम. पेशीतलं सायक्लिक एएमपी (आतल्या आत निरोप देणारा रेणू) वाढतं आणि या पेशी जोमाने विभागतात. पिऊ नका म्हणजे झालं.

मंदाताई_डोंबिवली
मुलींनो, धागा फारसा कळला नाही, पण सांगते. काळी ब्रा घालू नका आणि मॅमोग्राफीच्या नादी लागू नका, दाबूनच गाठ होते. माझ्या जावेला गाठ लागते आहे, तिला मी एक लेप सांगितलाय.

डॉ_खवचट
ताई, लेप राहू द्या, जावेला याच आठवड्यात सर्जनला दाखवा. ब्रेसियरच्या रंगाचा आणि कॅन्सरचा संबंध नाही, दाबल्यानेही गाठ होत नाही. मॅमोग्राफी नको असेल तर निदान हाताने तपासून घ्या. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्यांची तपासणी शिकवून तयार केलेल्या बायका दर दोन वर्षांनी हाताने करायच्या. त्यांच्यात ५० च्या पुढच्या बायकांचे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र फरक दिसला नाही, तेही सांगून ठेवतो.

मंदाताई_डोंबिवली
बरं. तिला फोन करते. पण लेपाने कुणाचं वाईट झालेलं ऐकलं नाही मी.

निशाचर
मूळ मुद्द्यावर येऊ का? पोकळ नाहीत हे ठरवलंस कशावरून?

कावलेली_पेशी
मायक्रोस्कोपखाली दिसतंय ना.

निशाचर
कुठला मायक्रोस्कोप? कल्चर रूममधला साधा?

कावलेली_पेशी
हो मग. कॉन्फोकलचं बुकिंग पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी सोमवार.

निशाचर
साध्याखाली वरच्या-खालच्या पेशी एकावर एक दिसतात, पोकळ गोळाही भरलेलाच वाटतो. फिक्स कर, केंद्रकं रंगवायला डॅपी लाव, कॉन्फोकलवर गोळ्याच्या बरोब्बर मधला काप बघ. कॅस्पेज-३ चं रंजन जमलं तर आतल्या मरणाऱ्या पेशीही दिसतील. शिवाय आठवड्यात पोकळी अर्धवटच असते, दोन-अडीच आठवडे धर. मॅट्रिजेल वाढघटक कमी केलेलं आहे ना? वितळवलंस कसं?

कावलेली_पेशी
कमी केलेलंच. रात्रभर फ्रीजमध्ये बर्फावर, पिपेटच्या टिपासुद्धा गार करून. ते मला येतं. बाटली बघून आले, सिरम गाईच्या गर्भाचं आहे. सर म्हणाले, "सिरम ते सिरम, घोड्याचं कोण मागवणार?" ईजीएफ ५ करून आजच नवीन लावते. जुन्यातल्या निम्म्या विहिरी (प्लेटमधले खळगे) फिक्स करते, निम्म्या राहू देते. पुण्यात कुणाकडे घोड्याचं सिरम थोडं मिळेल का? पन्नास मिली पुरे.

सोलापुरी_चादर
एमसीएफ-७ ला हे काही लागत नाही हो.

घाटावरचा
@कावलेली_पेशी, व्यनि केलाय. पाषाणला यावं लागेल, येताना बर्फाचा डबा आण. आणि पॅसेज नंबर अजून सांगितला नाहीस.