चासीला पावडर कोटिंग नकोच : टू-के इपॉक्सीच्या बाजूने

लॅडरफ्रेम
ऑफ-रोड गाडीची चासी मोकळी केली की पहिला सल्ला येतो पावडर कोटिंगचा, म्हणजे कोरडी रंगपावडर फवारून भट्टीत भाजण्याचा. कडक असतं, देखणं असतं, काम झटपट होतं. तरीही चासीला पावडर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

चाकाने उडवलेला दगड बसून टवका उडाला की पाणी त्या कडेतून थराखाली शिरतं आणि गंज आतल्या आत पसरतो. वरून सगळं काळं कुळकुळीत दिसतं. टवक्याच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचं टोक घाला, तळहाताएवढा पोपडा सुटून येईल आणि खाली तांबडा भुगा सापडेल. बरं, तेवढ्या जागेला पुन्हा पावडर मारता येत नाही, कारण अख्खी चासी भट्टीत घालावी लागते.

त्यापेक्षा ब्लास्टिंग करून (जोरात कण मारून) लोखंड एसए २.५ या स्वच्छतेच्या दर्जापर्यंत स्वच्छ करा, खडबडीतपणा ५० ते ७० मायक्रॉन ठेवा. धूळ फुंकून त्याच दिवशी टू-के, म्हणजे राळ आणि हार्डनर अशा दोन भागांचा, इपॉक्सी प्रायमर मारा. आधी वेल्ड, धारा आणि भोकांच्या कडांवर ब्रशने एक हात द्या. ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग स्प्रेने दोन हात, वरून पीयू (पॉलियुरेथेन) टॉपकोट. उन्हात इपॉक्सी खडूसारखा भुकटतो, म्हणून टॉपकोट हवाच. नंतर टवका उडाला तर घासा, कडा उतरत्या करा, ब्रश फिरवा. अंगणात होणारं काम आहे.

ओव्हन२००
तुम्ही वर्णन केलंत ते नुसत्या ब्लास्ट केलेल्या लोखंडावर मारलेल्या एकाच थराच्या पावडरीचं. चासीसाठी तसं काम करून देणारा माणूसच चुकीचा. ब्लास्टनंतर इपॉक्सी किंवा जस्तयुक्त पावडर प्रायमर, तो अर्धवट भाजायचा आणि त्यावर पॉलिस्टरचा थर देऊन दोन्ही एकत्र पूर्ण भाजायचे. प्रायमर आधीच पूर्ण भाजला तर वरचा थर त्याला नीट धरत नाही, मग पापुद्रे सुटतात.

दुसरी चूक तापमानाची. २०० अंश हे धातूचं तापमान हवं, भट्टीतल्या हवेचं नव्हे. जाड क्रॉसमेंबर (चासीची आडवी तुळई) उशिरा तापतो. घड्याळ हवा तापल्यापासून लावलं तर तिथला थर कच्चा राहतो.

आणि अंगणातल्या इपॉक्सीचं काय? हार्डनरचं प्रमाण अंदाजाने, हवेत ८५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता, लोखंड दवबिंदूच्या वर ३ अंशही नाही. तोही सुटणारच! शिवाय पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याला साधा मास्क चालत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा लागतो. हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं.

लॅडरफ्रेम
मास्कचं मान्य, शंभर टक्के. पण पावडर विद्युतभाराने चिकटते, त्यामुळे ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे चिखल साठतो नेमकं तिथेच, ती कमी पोचते. बॉक्स सेक्शनच्या (चासीच्या पोकळ चौकोनी नळीच्या) आत तर जवळजवळ नाहीच.

जस्त४५०
तुम्ही दोघंही बाहेरच्या कातडीवर भांडताय. चासी आतून कुजते. हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगमध्ये वितळलेलं जस्त, साधारण ४५० अंशांवर, आतबाहेर सगळीकडे पोचतं. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर सरासरी ७० मायक्रॉनचा थर मिळतो. बंद पोकळीला दोन्ही टोकांना भोकं मात्र हवीतच, नाहीतर आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ होऊन स्फोट होऊ शकतो.

पाना१७
नव्याने बनवलेल्या चासीला गॅल्व्हनायझिंग उत्तम. जुन्या चासीला मी देऊ नका म्हणेन. एकावर एक बसवलेल्या पट्ट्यांत, जस्तात बुडवण्याआधी लोखंड साफ करायला वापरलेलं आम्ल अडकतं आणि नंतर झिरपत राहतं. आत जुनं ग्रीस असेल तिथे जस्त धरत नाही. पातळ पत्र्याची चासी पिळवटू शकते, मग सस्पेन्शनचे माउंट जागेवर येत नाहीत. पुढे वेल्डिंग करायचं तर जस्त आधी घासून काढावं लागतं, त्याचा धूर घातक असतो. १२.९ ग्रेडचे (अति ताकदीचे) बोल्ट तर त्या प्रक्रियेत टाकूच नका, हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होऊन तुटतात.

जुन्या चासीत पोकळीसाठी कॅव्हिटी वॅक्स (आतून फवारायचं गंजरोधक मेण) वापरा. आतली माती धुऊन चासी पूर्ण वाळू द्या. चहूबाजूंनी फवारणारा नोझल लांब नळीला लावून टोकापर्यंत घाला आणि फवारत फवारत मागे ओढा. निचऱ्याच्या भोकातून वॅक्स ठिबकलं की त्या भागात ते पोचलं. मग तारेने ती भोकं मोकळी करा. बाहेरून जाड डांबरी अंडरकोट मात्र थापू नका. तो वाळून तडकतो आणि मागे पाणी धरून ठेवतो.

ओव्हन२००
वॅक्स पावडर चासीतही मारता येतंच, त्यामुळे तो मुद्दा इपॉक्सीचा एकट्याचा नाही. कंट्रोल आर्म, बंपर, रूफ रॅक यांना तर पावडरच. फक्त बुश आणि बॉल जॉइंट आधी काढा, भट्टीत रबर टिकत नाही.

लॅडरफ्रेम
आर्म आणि रॅकला माझी हरकत नाही. रॉक स्लायडर (दारांखालचे संरक्षक पाइप) आणि स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) मात्र पावडर आणि इपॉक्सी दोन्हींतून वगळा. ते खडकावर घासणारच, त्यांना हाताने मारायचा साधा इनॅमल पुरे. आणि पावडर करा की इपॉक्सी, बोल्टने आवळायच्या पृष्ठभागांवर आणि अर्थिंगच्या जागी थर बसू नये म्हणून मास्किंग करा. जाड थर दाबाखाली बसतो आणि बोल्ट ढिले पडतात. जोडणी झाल्यावर उघड्या कडांना वॅक्स लावा आणि थोडी गाडी चालवून टॉर्क पुन्हा तपासा.