जुन्या फोनवर लिनिएजओएस: यूपीआय चालेल का?

म्हापसेकर: कंपनीने अपडेट बंद केले, फोन मात्र ठणठणीत. बूटलोडर (फोन सुरू करणारा, कुलूपबंद प्रोग्राम) उघडून लिनिएजओएस, म्हणजे अँड्रॉइडवर आधारलेली मोफत प्रणाली टाकली, तर दुकानाचं यूपीआय चालेल?

पणजीहून: खात्री नाही. गुगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीत उघडा बूटलोडर पकडला जातो, मग काही बँकांची ॲप सुरूच होत नाहीत. उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, बॅकअप आधी घ्या. वाइडवाइन (व्हिडिओ ॲपचं कॉपी-संरक्षण) वरच्या एल१ पातळीवरून खालच्या एल३ वर घसरलं की त्या ॲपमधले व्हिडिओही बहुधा ४८०पी, म्हणजे कमी स्पष्ट. फोन आपला, चावी त्यांची!

मडगावकर: रॉम (लिनिएजओएससारखी नवी प्रणाली) टाकून बूटलोडर परत लॉक करू नका, बहुतेक फोन उठतच नाहीत. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये स्वतःची की (प्रणालीची सही तपासायची डिजिटल चावी) बसवता येते, तो अपवाद.

म्हापसेकर: म्हणजे दुकानाचा फोन नको?

मडगावकर: नकोच हो. दुसऱ्या फोनवर करा. रॉम लॅपटॉपवरून टाकतात आणि पावसात लाइट जाते, म्हणून लॅपटॉप चार्ज ठेवा.