मदत हवी आहे: पर्माकल्चरचा कोर्स, नऊ दिवस उरलेत

रानझरा
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. पीडीसीला निवड झाली आहे, अर्धी फी माफ झाली. उरलेल्या अर्ध्या फीचं नऊ दिवसांत काहीतरी बघायचं आहे. शिवाय एक शिफारसपत्र आणि एक पानी निवेदन. निवेदन तीनदा लिहून खोडलं. घरून होणार नाही, संस्थेत विचारून झालं. कुठे अर्ज करू? कृपया ‘गूगल कर’ म्हणू नका, दोन रात्री तेच करतेय.

आळसोबा
पीडीसी म्हणजे पोस्ट डेटेड चेक ना? कोणाला देऊन बसलीस?

रानझरा
नाही हो. पर्माकल्चर डिझाइन कोर्स. पर्माकल्चर म्हणजे निसर्ग बघून, त्याच्या धर्तीवर शेती आणि वस्तीची आखणी करणं. शीर्षकात लिहिलंय की.

पाचोळा
अभिनंदन. पण ताई, तुझं वय किती, करतेस काय, कोर्स निवासी की ऑनलाइन, शिकवणारे कोण, आणि ‘मदत’ म्हणजे पैसे, पत्र की रजा? घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

रानझरा
सगळीकडेच. वय २४. कोर्स निवासी, दोन आठवड्यांचा. मी एका छोट्या संस्थेत आहे. जंगलाच्या कडेची घाणेरी (बाहेरून आलेलं, माजलेलं झुडूप, लँटाना) काढतो आणि तिथलीच मूळची झाडं लावतो. तिसरं वर्ष. रजा मिळेल, बिनपगारी. अर्धी फी म्हणजे माझं तीन महिन्यांचं मानधन. घाई आहे हो.

कोरडवाहू
दोन आठवड्यांत निसर्ग शिकवणारे हे लोक कोण? पाणी अडवणं, पालापाचोळा टाकणं, मिश्र पिकं घेणं, शेतकरी पिढ्यानपिढ्या हेच करत आलेत. त्याला इंग्रजी नाव देऊन प्रमाणपत्र विकायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जपानच्या नैसर्गिक शेतीवाल्या मासानोबू फुकुओकांना १९८८ साली मॅगसेसे मिळाला, ते कुठल्या कोर्सला गेले होते?

चतकोर_वाफा
काका, फुकुओका वनस्पतिरोगांचे शास्त्रज्ञ होते, योकोहामाच्या सीमाशुल्क कचेरीत झाडांची तपासणी करायचे. आणि वडिलांच्या बागेची छाटणी एकदम सोडून दिल्यावर संत्र्याची झाडं मेली, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. तो त्यांचा कोर्स. फी बरीच महाग पडली म्हणायची.

बाकी तुमचा अर्धा मुद्दा मान्य. मी पीडीसी केलाय. ठरलेला अभ्यासक्रम ७२ तासांचा, शेवटी एका खऱ्या जागेचा आराखडा करून मांडायचा. त्या कागदाला विद्यापीठाच्या पदवीचं वजन नाही, त्यावर कोणी नोकरी देत नाही. जगभर सगळ्यांवर लक्ष ठेवणारी एकच मध्यवर्ती संस्था नाही, त्यामुळे दर्जा शिकवणाऱ्यावर. @रानझरा, आयोजकांना एकच विचार: ७२ पैकी किती तास उन्हात आणि किती तास पडद्यासमोर? माझ्या वेळी चिखल दोनच दिवस पाहिला. उरलेले दिवस गोल करून बसलो आणि भावना व्यक्त केल्या.

आळसोबा
=)) गोल करून बसणे!

उतारावरचा
कोर्सची गरज नाही. ए-फ्रेम करायला शिक, निम्मं पर्माकल्चर आलं. तीन काठ्या, एक दोरी, एक दगड. दोन सारख्या काठ्यांची टोकं एकत्र बांधायची, मध्ये तिसरी आडवी. वरच्या टोकातून दगड लोंबता सोडायचा. दोन खुंट्यांवर पाय टेकव, दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण कर. आता पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोहोंच्या बरोबर मध्ये तिसरी. दोरी त्या तिसऱ्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. काठ्या वाकड्या असल्या तरी चालतं, म्हणून तर अदलाबदल करायची. अशी पावलं टाकत गेलं की समपातळी रेषा मिळते, तिच्यावर चर खण. पाणी थांबेल, मुरेल, रोपं जगतील.

रानझरा
दादा, धन्यवाद, पण मी फीचं विचारलं होतं.

मुळाक्षर
@उतारावरचा, जंगलाच्या कडेला कुठेही चर खणू नका. कोणती माती, किती उतार, खाली कोण राहतं, काहीच माहीत नाही आणि सल्ला तयार.

उतारावरचा
माहीत आहे म्हणूनच सांगतो. माझा पहिला चर पहिल्याच मोठ्या पावसात फुटला. सांडवा ठेवला नव्हता. पाणी भरलं, जिथे कड चार बोटं खाली होती तिथून फुटलं आणि खालच्या माणसाचा बांध घेऊन गेलं. वर्षभर बोलत नव्हता. तेव्हा @रानझरा, आधी सांडवा, मग चर.

बुंधा
रोपं लावताच कशाला? आधी जमिनीत काय जिवंत आहे ते बघा. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या शेतीतज्ज्ञ टोनी रिनॉडोंनी वर्षानुवर्षं रोपं लावली, बहुतेक मेली. मग १९८०च्या दशकात लक्षात आलं की माळावर झुडपं म्हणून जे दिसतंय ते तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना आलेले फुटवे आहेत. मुळं खाली शाबूत. चांगले दोनचार फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, जनावरांपासून राखायचं. रोपवाटिका नाही, टँकर नाही. नायजरमध्ये अशी सुमारे ५० लाख हेक्टर जमीन पुन्हा झाडांखाली आल्याचं मानतात. २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार (ज्याला ‘पर्यायी नोबेल’ म्हणतात) मिळाला. कोर्सची फी वाचली.

चतकोर_वाफा
त्याच वर्षी तोच पुरस्कार शेजारच्या बुर्किना फासोमधल्या याकूबा सावादोगो या शेतकऱ्यालाही मिळाला, आणि ते तर कडक जमिनीत खड्डे खणून, त्यात शेणखत घालून पेरत होते. खड्ड्यात पाणी साठायचं, शेणखतामुळे वाळवी यायची, ती माती पोखरून मऊ करायची. म्हणजे दोघांचंही बरोबर. जागा वेगळी, उपाय वेगळा.

बुंधा
मी कुठे खड्डे वाईट म्हणालो? आधी बुंधे बघा एवढंच. लोकांना खड्डा खणून फोटो काढायचा असतो.

मुळाक्षर
मला मूळ प्रश्नच पटलेला नाही. संवर्धनाचं काम करणाऱ्या मुलीने पर्माकल्चरवाल्यांकडे का जावं? यांना भराभर वाढणारं, नत्र धरणारं झाड दिसलं की ते लावायचं, मग ते कुठल्या खंडातलं का असेना. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) यादीत घाणेरी आहे आणि सुबाभूळही आहे. एक उपटायला तीन वर्षं घालवायची आणि दुसरी लावायचं प्रमाणपत्र घ्यायचं?

चतकोर_वाफा
हा आक्षेप खरा आहे. माझ्याच वर्गात सुबाभळीचं कौतुक ऐकलंय. पण सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका. बिल मॉलिसन स्वतः ऑस्ट्रेलियात वन्यजीव सर्वेक्षणात काम करत होता, जंगल बघत बघतच त्याला पर्माकल्चरची कल्पना सुचली. मग १९७०च्या दशकात टास्मानियात त्याने आणि डेव्हिड होल्मग्रेनने ती मांडली. होल्मग्रेनच्या बारा तत्त्वांतलं पहिलंच निरीक्षणाचं आहे. आधी बघा, मग हात लावा.

मुळाक्षर
तत्त्व कागदावर छान आहे. बिया वाऱ्यावर जातात.

कोरडवाहू
+१. आणि ‘त्याने’ काय, वयाने मोठा होता तो.

मी_गोगलगाय
अवांतर: माझ्या कंपोस्टच्या डब्यात राखाडी रंगाच्या जाड अळ्या झाल्यात. पर्माकल्चरवाले इथे आहेत म्हणून विचारते, सगळं फेकून देऊ का?

पाचोळा
फेकू नका. काळ्या सैनिक माशीच्या असणार, त्या निरुपद्रवी. ओलं जास्त झालंय, सुका पाला घाला. (आता धाग्यावर या.)

रानझरा
सात दिवस उरलेत. ए-फ्रेम आली, बुंधे आले, अळ्यासुद्धा आल्या. मी निवेदनाची सुरुवात इथे देते, निदान ते तरी बघा:

‘मला लहानपणापासून निसर्गाची ओढ आहे. पृथ्वी वाचवणे ही काळाची गरज आहे. पर्माकल्चरच्या माध्यमातून शाश्वत भविष्य घडवण्याचे माझे स्वप्न आहे.’

पाचोळा
रागावू नकोस. हे माझ्या भाच्याच्या निबंधातही चालेल. यात तू कुठे आहेस? घाणेरी कुठे आहे? निवडसमितीपुढे असे पन्नास कागद असतील आणि पन्नासांना लहानपणापासून ओढ असेल. तीन वर्षांत लावलेल्या रोपांचं काय झालं ते सांग.

रानझरा
ते लिहिण्यासारखं नाही. पहिल्या वर्षी ४१० लावली. उन्हाळ्यानंतर मोजली तेव्हा ६३.

पाचोळा
आणि घाणेरी? ती कापली की पुन्हा फुटतेच ना?

रानझरा
वरवर कापली तर फुटते. खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथून फुटवे येतात. म्हणून आम्ही जमिनीखाली चार बोटं जाऊन मुख्य मूळ तोडतो आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवतो, मुळं वर. मातीला टेकलं नाही की वाळतं. ते जमलंय आम्हाला. पण मोकळ्या झालेल्या जागेत ऊन थेट येतं, माती तापते. आणि खरं सांगायचं तर सगळी रोपं उन्हाने मेली नाहीत. आधी लोक घाणेरीचीच वाळकी काटकी सरपणाला न्यायचे. ती आम्ही काढली. मग ते आत, जंगलात जायला लागले, आणि वाट आमच्या रोपांमधून. एका बाईंना मी अडवलं. त्या म्हणाल्या, तू काढलंस ते, आता मी काय जाळू? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात आहे की आम्ही फक्त जंगलाचाच नकाशा काढला, त्यांच्या घरापासून जंगलापर्यंतचा पट्टा कोणी बघितलाच नाही.

पाचोळा
बाई, हेच निवेदन! जसं इथे लिहिलंस तसंच उतरव. ४१० आणि ६३ सकट.

चतकोर_वाफा
काय बोललात! रानझरा, हे वाच. पर्माकल्चरमध्ये घर म्हणजे झोन ०, रोज हात लागतो तो भाग १, आणि असं लांब जात जात ५ म्हणजे रान. तिथे काही करायचं नाही, नुसतं बघून शिकायचं. आम्ही सगळे घराच्या वाफ्यापासून सुरुवात करतो आणि ५पर्यंत कोणी पोचत नाही. तू उलटी येते आहेस, ५कडून ०कडे. सरपण, चारा, बांबू हे ३ आणि ४मध्ये उगवलं तर ५वरचा भार उतरतो. शेवटचा आराखडा त्याच पट्ट्याचा करीन असं लिही. जागा तयार, माणसं तयार, प्रश्न तयार.

मुळाक्षर
सरपणासाठी तरी सुबाभूळ लावू नका एवढं लिहून घ्या. बाकी पोस्ट आवडली. ६३ कोणत्या जातीची जगली ती यादी कराच, ती कुठल्याही कोर्सपेक्षा मोलाची आहे.

बुंधा
त्यातली किती बुंध्यातून आलेली?

रानझरा
अकरा. आम्ही लावलेली नव्हती, तरी मोजली होती. :(

बुंधा
मी काय म्हणत होतो!!

हिरवट
रफर्ड फाउंडेशनला अर्ज कर. विकसनशील देशांतल्या निसर्गकामाला छोटी अनुदानं देतात.

मुळाक्षर
ते प्रत्यक्ष संवर्धन-प्रकल्पाला. आणि सात दिवसांत कुठलंही अनुदान येत नसतं. कोर्सनंतर त्या पट्ट्याच्या कामासाठी मात्र जरूर बघ.

चतकोर_वाफा
फीसाठी बाहेर धावू नकोस, आयोजकांशीच बोल. त्यांनी अर्धी माफ केली म्हणजे तू त्यांना हवी आहेस. तीन गोष्टी माग: हप्ते, कामाच्या बदल्यात सूट (स्वयंपाकघर, भांडी, आदल्या आठवड्याची मांडामांड), आणि शिकवणं इंग्रजीत असेल तर मराठीत टिपणं करून देण्याचं काम. मी भांडी घासून पंचवीस टक्के वाचवले. घासताना जे शिकलो ते गोलात बसून शिकलो नाही. लोकवर्गणी शेवटी, आणि तीही आयोजकांचं निवडपत्र जोडूनच. नुसतं ‘मला शिकायचंय’ म्हणून ओळखीच्यांपलीकडे कोणी देत नाही.

जमलंच नाही तर ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचा पर्माकल्चरची ओळख करून देणारा ऑनलाइन कोर्स आहे, मोफत. प्रमाणपत्रासाठी नाही, डोकं तयार करायला.

पाचोळा
आणि पत्राचं काय? साहेब देत नाहीत का?

रानझरा
नाही. कोर्स करून मी दुसरीकडे जाईन असं त्यांना वाटतं. इथल्या कोणी ज्येष्ठांनी दिलं तर?

मुळाक्षर
मी देणार नाही. तुझं काम पाहिलेलं नाही. न पाहता दिलेली पत्रं मी स्वतः निवडसमितीत बसून बाजूला ठेवली आहेत. हात मातीत असताना तुला कोणी पाहिलंय?

रानझरा
रोपवाटिकेतल्या मावशी. वीस वर्षं तिथे आहेत. पण त्यांना लिहिता येत नाही.

मुळाक्षर
मग त्यांना बोलू दे, तू लिहून घे. त्यांच्याच शब्दांत, सुधारणा न करता. शेवटी त्यांचा अंगठा, शेजारी लिहून घेणाऱ्याचं नाव. तू नको, तिसऱ्या कोणी लिहून घ्यावं. साहेबांनाही लेखी दे की परत येऊन अमुक महिने इथेच काम करीन. भीती तीच आहे ना?

कोरडवाहू
मावशींनाच पाठवा कोर्सला, शिकवायला.

उतारावरचा
काकांशी पहिल्यांदाच सहमत.

रानझरा
अपडेट. निवेदन गेलं, ४१० आणि ६३ सकट. आयोजकांचा फोन आला होता. उरलेल्या फीचे तीन हप्ते मान्य, पहिला आत्ता, दोन नंतर. भांड्यांचं ‘बघू’ म्हणाले. तासांचंही विचारलं, चाळीसच्या वर बाहेर आहेत म्हणे. साहेबांनी लेखी घेतलं, पत्र नाही दिलं. मावशींचं काल लिहून झालं. त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं, ‘पोरगी रोपं खोल लावते, सांगून ऐकत नाही.’ हे ठेवू का काढू?

मुळाक्षर
ठेव.

पाचोळा
ठेव.

चतकोर_वाफा
ठेव. आणि रोपं वर लाव.

मी_गोगलगाय
सुका पाला घातला. अळ्या आता डब्याच्या झाकणावर चढल्यात. हे नॉर्मल आहे का?