पुरातून वाचलेलं सामान विकायचं आहे, कसं विकू?

गावभागातली_आजी

नमस्कार. मी सांगलीची, गावभागात राहते. वय ७१. शाळेत गाणं शिकवत होते, निवृत्तीला तेरा वर्षं झाली. हे चार वर्षांपूर्वी गेले. मुलगी पुण्याला, मुलगा कॅनडात. घराचा व्यवहार झाला आहे आणि दिवाळीआधी ताबा द्यायचा आहे. मुलीच्या सोसायटीतच दोन खोल्यांची जागा घेतली आहे. इथल्या सहा खोल्या आणि माळा तिथे मावणार नाही, हे मला कळतं.

गेल्या आठवड्यात जुनं सामान घेणारे एक गृहस्थ आले. पाच मिनिटांत घरभर फिरले आणि म्हणाले, "सगळं मिळून बावीस हजार देतो, उद्या टेम्पो आणतो." विचार करून सांगते म्हटलं. ते गेल्यावर शिडी लावून माळ्यावर चढले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले.

काय काय आहे ते लिहिते, म्हणजे तुम्हाला नेमकं सांगता येईल. पितळेची सोळा-सतरा भांडी आहेत : दोन घंगाळं, पिंप, हंडा-कळशी, मोठी परात, तपेल्या. तांब्याचा बंब. दोन थाळ्या काशाच्या आहेत असं सासूबाई सांगायच्या, पण पितळ कुठलं आणि कासं कुठलं ते मला ओळखता येत नाही. सागवानी झोपाळा, पितळी कड्यांसकट. गोदरेजचं कपाट, खालून गंजलेलं. उषाचं पायाचं शिलाई मशीन. तंबोऱ्यांची जोडी, मिरजेची, १९८१ साली घेतलेली. दिवाळी अंकांचे गठ्ठे. आणि यांच्या आजोबांची पत्र्याची ट्रंक, तिच्यात मोडी लिपीतले कागद.

२००५ च्या पुरात पाणी आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं. २०१९ ला थांबलं नाही. परत आलो तेव्हा भिंतीवर माझ्या खांद्याएवढी चिखलाची रेघ होती. लग्नाचा अल्बम गेला, गाद्या गेल्या, पेटीचा भाता फुगून फाटला, माझ्या बंदिशींच्या वह्यांचा लगदा झाला. पाणी चढतंय म्हटल्यावर यांनी आधी तंबोरे माळ्यावर चढवले होते, मग ट्रंक, मग बाकीचं. स्वयंपाकघरातली भांडी चिखलातून उपसून मी आठ दिवस चिंच-मिठाने घासत होते. कृष्णामाईने जे ठेवलं ते आता मीच घराबाहेर काढायचं, तिथे हात अडतो.

परातीवर माझ्या आईने नाव घालून घेतलं आहे. ठिपक्याठिपक्यांनी माझं माहेरचं नाव, खाली "सप्रेम भेट, ता. २३-५-१९७६". त्या गृहस्थांनी परात काट्यावर ठेवली आणि म्हणाले, "नावाचे पैसे मिळत नाहीत, बाई." ते खरंच आहे. पण तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

तर विचारायचं ते असं. सगळं एकदम देऊन मोकळं व्हावं का? वेगवेगळं विकायचं तर कुठून सुरुवात करू? आणि नाव घातलेल्या भांड्यांचं लोक काय करतात?

---

ठाकुर्लीची_वहिनी

काकू, उक्तं, म्हणजे सगळं एकाच रकमेत, अजिबात देऊ नका. आम्ही सासऱ्यांचं चिपळूणचं घर असंच उक्तं दिलं, कारण यांना दोनच दिवस रजा होती. त्या ढिगात सासऱ्यांचं लिहायचं टेबल गेलं. ते शिसवी होतं, हे आम्हाला नंतर जुना फोटो बघून एका सुताराने सांगितलं. उक्त्या सौद्यात घेणाऱ्याचा डोळा दोन-तीन वस्तूंवर असतो आणि पैसे तो बाकीच्या भंगाराचे देतो.

एक खोली ठरवा. जे पुण्याला न्यायचं ते आजच त्या खोलीत ठेवा आणि कुलूप लावा. गिऱ्हाईक आलं की "हे पण द्या ना" म्हणतं आणि आपल्याला भिडेपोटी नाही म्हणता येत नाही. मोडीत आणि रद्दीत घालायचं ते सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.

झोपाळ्याच्या कड्या आणि फळी वेगळी करू नका. कड्यांना वेगळी मागणी येईल, पण त्या गेल्या की फळीला कोणी विचारत नाही. सांगलीत बंगल्यांची कामं करणाऱ्या एखाद्या सुताराच्या कानावर घालून ठेवा, घर बांधणारे लोक झोपाळा शोधत असतात. कपाटाचा गंज फार मनाला लावून घेऊ नका, जुना पत्रा जाड असतो, रंगवलं की उभं राहतं. आतल्या तिजोरीची किल्ली मात्र शोधून ठेवा. ती नसली तर भाव निम्म्यावर येतो, हे मी भोगलंय.

मशीन मी फॉल-बिडिंग करणाऱ्या एका बाईंना अडीच हजारांना दिलं. दुकानदार तीन देत होता. पण त्या बाईंनी पट्टा चढवून, सुई ओवून, माझ्यासमोर दोन टाके घालून बघितले, आणि मग मला दुकानदाराला द्यावंसं वाटेना.

---

कराडचा_भांडीवाला

काकू, आमचं कराडला भांड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. तुमच्या थाळ्यांचं आधी सांगतो.

थाळी बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि लाकडी चमच्याने काठावर हलकेच मारा. कासं असेल तर नाद लांबतो, देवळातल्या घंटेसारखा. पितळ लवकर गप्प होतं. तुम्ही गाणं शिकवलंय, तुमच्या कानाला माझ्यापेक्षा आधी कळेल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२. कथील महाग, म्हणून काशाची मोडही पितळेपेक्षा वर जाते. कासं ठिसूळ असतं. पडलं तर पितळेसारखं चेपत नाही, तडकतं. थाळीला पोचा असेल तर ती बहुतेक पितळेची. पुष्कळ घरांतलं कासं पितळेच्या ढिगात पितळेच्या भावाने जातं. विकणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणारा सांगत नाही.

मोड घालायची झाली तर दोन दुकानांत त्या दिवसाचा भाव विचारा. किलोमागे पन्नास-सत्तर रुपयांचा फरक सहज निघतो. वजनाआधी बंबातली लोखंडी जाळी, पिंपाची लोखंडी कडी, सगळं काढून ठेवा, नाहीतर घेणारा अंदाजाने तूट धरतो आणि त्याचा अंदाज नेहमी त्याच्या बाजूचा असतो. डाग दिलेल्या, म्हणजे झाळून जोडलेल्या भांड्याला थोडी तूट धरतात, ते रास्त आहे. काटा घरी घेऊन कोणी आलं तर तांदळाची पाच किलोची सीलबंद पिशवी आधी त्यावर ठेवा. आकडा पाचच्या आत दिसला तर चहा पाजून परत पाठवा.

पण बंब आणि घंगाळं मोडीत घालूच नका. कोकणातले, महाबळेश्वरकडचे घरगुती मुक्काम चालवणारे लोक ती नगावर घेतात आणि वजनाच्या भावापेक्षा चांगले पैसे देतात. तपेल्यांना आधी कल्हई, म्हणजे आतून कथलाचा मुलामा, करून घ्या. कल्हईची तपेली हे भांडं असतं, बिनकल्हईची ही मोड. पितळेत रांधणाऱ्या तरुण मुली हल्ली दुकानात येतात, मी रोज बघतो.

आता परात. नाव घासून काढता येतं, तासाभराचं काम आहे, आमच्याकडे लोक सांगतातही. मी तुम्हाला ते करा म्हणणार नाही. आमच्या आईचं नाव घातलेला डबा दुकानात आहे, त्यात आम्ही सुटे पैसे ठेवतो. तीन वेळा गिऱ्हाईकाने मागितला.

---

न्यूजर्सीतली_लेक

मावशी, मी मुलांच्या बाजूने लिहिते. माझ्या आईने फोनवर विचारलं होतं, "तुला घरातलं काय हवंय?" मी ऑफिसातून निघत होते, म्हटलं, "काही नको गं, देऊन टाक." तिने दिलं. तीन वर्षं झाली, मला अजून आजीचं पुरणयंत्र आठवतं. तो प्रश्नच मला त्या क्षणी समजला नव्हता.

तुम्ही असं विचारू नका. एकेका वस्तूचा फोटो काढा आणि सोबत मिनिटभर बोलून पाठवा : कोणाची, कधी आली, त्यात काय व्हायचं. शेवटी तारीख सांगा, "अमुक तारखेपर्यंत कळव, नंतर मी विकणार." तारीख नसली तर आम्ही मुलं उत्तर लांबवतो, आणि त्याचं ओझं तुमच्यावर पडतं.

मुलगा कॅनडात आहे म्हणून एक सांगते. पुरावशेष आणि कलावस्तूंबाबतचा १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्यात येऊ शकते आणि अशी वस्तू आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. मी आजीच्या सासूची समई बॅगेत भरली होती, भावाने वेळेवर काढायला लावली. तुमच्या १९७६ च्या परातीला ती अडचण नाही.

---

बाळबोध_ते_मोडी

आजी, ट्रंकेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ते कागद रद्दीत घालू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हातही टाकू नका. सुती कापडात सैल बांधून ठेवा. आधी मोडी वाचणाऱ्या कोणाकडून निदान मथळे वाचून घ्या, कारण त्यात तुमच्याच घराची खरेदीखतं, गहाणखतं निघू शकतात आणि ती तुमच्याकडेच राहायला हवीत. बाकी जमाखर्च, पत्रव्यवहार निघाला तर पुण्याला जाताच आहात, तेव्हा भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेली संस्था आहे, असे कागद हेच तिचं धन. त्या १९७२ च्या कायद्यात ऐतिहासिक मोलाच्या कागदांना ७५ वर्षांची मर्यादा आहे, म्हणून बाहेरच्या देशातून कोणी भाव सांगितला तरी द्यायचे नाहीत.

---

निवृत्त_रोखपाल

ताई, फक्त दोन गोष्टी. नेटवर जाहिरात टाकलीत तर कोणीतरी फोन करेल, बदली झालेला फौजी आहे म्हणेल, वस्तू न बघताच पैसे पाठवतो म्हणेल आणि एक क्यूआर कोड पाठवेल. तो कोड स्कॅन करायचा नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागते ती पैसे द्यायला. माझ्या धाकट्या भावाचे डायनिंग टेबल विकताना नऊ हजार गेले, आणि तो बँकेत होता. असं काही झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे अडवण्याची आशा.

दुसरी गोष्ट कराची. घरातली वापरातली भांडी, कपाटं, यंत्रं विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं यांना ही सूट नाही. सोनं विकणार असाल तर मात्र आधी सीएला विचारा.

---

गावभागातली_आजी

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. महिना झाला, काय केलं ते कळवते.

त्या गृहस्थांना नाही म्हणून सांगितलं. चमच्याने वाजवून बघितलं, एकच थाळी काशाची निघाली. पेटीच्या काळी चार या सुराच्या जवळपास बोलते आणि कितीतरी वेळ बोलते. पंचेचाळीस वर्षं या घरात राहून मी ती कधी वाजवून बघितली नव्हती. ती पुण्याला येणार. दुसरी मोडीत गेली. तपेल्यांना कल्हई करून घेतली, चार तपेल्या गल्लीतल्याच सुनांनी नेल्या.

तंबोरे घेऊन मी मिरजेला गेले, दहा किलोमीटर रिक्षात मांडीवर एक आणि शेजारी एक. तिथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीतल्या कारागिरांनी भोपळा बोटांनी वाजवून बघितला, म्हणाले, "ओल लागलेली नाही, नीट सांभाळलाय." जवारी काढून दिली, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद खुलवला, तारा बदलल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्यांनी अभिमानाने सांगितलं. जोडी तेच घ्यायला तयार होते. पण त्यांच्या ओटीवर एक मुलगी बसली होती, बी.ए.ला आहे, नवा तंबोरा घ्यायला आलेली आणि किंमत ऐकून गप्प झालेली. तिने माझा छेडला, डोळे मिटले. बारा हजार सांगितले होते, आठ घेतले. दर महिन्याला हजार देणार आहे. जोडी फोडू नये म्हणतात, मी फोडली. दुसरा माझ्याबरोबर येतोय.

न्यूजर्सीच्या लेकीने सांगितलं तसे मुलाला फोटो पाठवले. वाटलं होतं तो झोपाळा मागेल किंवा काहीच मागणार नाही. त्याने परात मागितली. लहानपणी तिच्यात बसवून मी त्याला अंघोळ घालायचे, हे मी त्या बोलण्यात सांगितलंच नव्हतं, त्यालाच आठवलं. डिसेंबरमध्ये येऊन बॅगेतून घेऊन जाणार आहे.

कागद वाचून घेतले. दोन गहाणखतं आमच्या घराण्याची निघाली, ती ठेवली. बाकीचे दिवाळीनंतर मंडळात नेईन. झोपाळा अजून लटकतोय, दोघं बघून गेले, पैकी एक फक्त कड्याच मागत होते. कपाटाची किल्ली सापडली नाही.

घंगाळं उरली आहेत. दोन्ही मिळून साडेनऊ किलो, एकाच्या काठाला लहान पोचा आहे, गळत नाहीत. इथल्या कोणाला हवी असतील तर लिहा. सांगलीला येऊन न्यावी लागतील.