वाचनाची चटक लावणारं पहिलं पुस्तक कोणतं? खरं सांगा

खिडकीजवळचा बाक

आवडतं पुस्तक विचारत नाहीये, सर्वोत्तम तर मुळीच नाही. तसं विचारलं की माणूस जरा सावरून बसतो आणि चारचौघांत शोभेल असं नाव घेतो. मला हवंय ते पुस्तक, जे संपल्यावर तुम्ही ‘आता दुसरं काय?’ म्हणत कपाट उचकायला लागलात.

माझं उत्तर फास्टर फेणे. त्याआधी पुस्तकं बक्षीस म्हणून मिळायची. पहिल्या पानावर नाव घातलं की त्यांचं काम संपलं. भा. रा. भागवतांच्या त्या गोष्टींची कथानकं आज मला धड सांगता येणार नाहीत. पण बन्याचा, म्हणजे फास्टर फेणेचा, काही वेगळं दिसलं की निघणारा तो ‘ट्टॉक्’! जीभ टाळूला चिकटवून तसाच आवाज काढायला मी पुस्तक पालथं घालून बसायचो. जमला की पुन्हा पान उघडायचं: हा नेमका कशाला चमकला होता? मोठ्या माणसांच्या नजरेतून निसटलेलं या किडकिडीत पोराला दिसायचं, आणि मग मीही ओळी जरा सावध होऊन वाचायला लागलो. शिवाय पुस्तक संपलं तरी बन्या संपायचा नाही. दुसरं पुस्तक होतंच. चटक लागायला एवढं पुरे.

उंबरठा

मालिकेचं मला नाही पटत, दादा. माझं एकच, आणि तेही जाडजूड: कर्णावरची शिवाजी सावंतांची कादंबरी ‘मृत्युंजय’. ताईने आणलं होतं, मी तिच्या नकळत पळवलं. वय लहान, भाषा भरजरी, निम्मे शब्द डोक्यावरून गेले. तरी कर्ण स्वतःच ‘मी’ म्हणून बोलतोय म्हटल्यावर ठेववेना. मी पूर्णपणे त्याच्या बाजूची झाले होते. आणि मग पान उलटलं तर बोलायला कुंती! मला रागच आला. हिचं कशाला ऐकायचं? पण ऐकलं. ऐकता ऐकता पोटात कालवाकालव झाली, कारण तिचंही चुकीचं वाटेना. पुढे दुर्योधन, वृषाली, शोण. तेच प्रसंग, माणूस बदलला की वजन बदलतं. शेवटचा भाग श्रीकृष्णाचा का, हे मला फार उशिरा लक्षात आलं. कर्णच राहिला नाही तर पुढचं सांगणार कोण?

तेव्हापासून कुठलीही गोष्ट वाचताना ‘समोरचा काय म्हणाला असता’ हा किडा डोक्यात वळवळतो. त्या किड्यापायीच मी पुस्तकं वाचते. आज ‘मृत्युंजय’ उघडलं तर ती अलंकारिक भाषा मला सोसत नाही, हेही खरं.

जुना चष्मा

आमच्या वेळी चटक लावायचं खातं रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांकडे होतं. झुंजार, काळापहाड, धनंजय, एकेक नायक! वाङ्मयीन मूल्य वगैरे विचारू नका. पुस्तिका एक आणि वाचणारी पोरं डझनभर, त्यामुळे संध्याकाळच्या आत पुढच्याच्या हातात द्यावीच लागायची. मागे उभा असलेला ‘झालं का रे?’ म्हणून टोचत असायचा. त्या धाकानं वाचायचा वेग असा वाढला की पुढे सहाशे पानांच्या कादंबरीचीही भीती वाटली नाही. घरी मात्र पुस्तिका नकाशाच्या वहीत. वडिलांना वाटायचं, पोराचा भूगोल पक्का होतोय.

उंबरठाताई, तुमची कुंती झकास.

साधी पेन्सिल

मी उशिराची. शाळेत वाचन म्हणजे प्रश्नोत्तरं, त्यामुळे शाळा सुटली आणि पुस्तकंही सुटली. नोकरीला लागल्यावर एका सहकारी बाईंनी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’, अमेरिकन कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र, हातात ठेवलं. चरित्र म्हणजे जन्म, शिक्षण, सत्कार असं मी धरून चाललेले. इथे सुरुवातीलाच गुलामाचं आजारी पोर परत मिळवण्यासाठी घोडा द्यावा लागतो! मी तिथेच थांबून ते पान पुन्हा वाचलं. मग शेंगदाणा, कापसाने निकस झालेली जमीन, टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेतली ती मोडकी साधनं जमवून उभी केलेली प्रयोगशाळा. माती या विषयावर आपण रात्री जागून वाचू, असं मला कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

लहानपणी ‘श्यामची आई’ दिलं होतं, ते रडून बाजूला ठेवलं. पुस्तक चांगलंच आहे, पण माझ्यासारखीला सुरुवातीला ते देऊ नये.

खिडकीजवळचा बाक

पेन्सिलताई, शेवटचं वाक्य वाचून काही मंडळी तुमच्यावर धावून येतील, तयारीत राहा! पण मला पटलं. चष्मेकाका, ती मागे उभी असलेली पोरं हवीत हो आज. आणि उंबरठा, मालिकेचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. ‘मृत्युंजय’ संपल्यावर लगेच काय वाचलंस, ते सांग आधी.

उंबरठा

‘मृत्युंजय’च. पुन्हा पहिल्यापासून, यावेळी कुंतीच्या बाजूने.